पंचवीस क्रमांकाचं दार

आमच्या इतिहास मंडळातले सर्वांत ज्येष्ठ सभासद गेल्या माघात वारले. वय सत्त्याऐंशी. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मोडी दफ्तरं त्यांनी वाचून दिली होती, आणि त्याचा एक पैसाही कधी घेतला नव्हता. मंडळाचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. त्यामुळे शोकसभेची सूचना मीच पाठवली : मंगळवारी संध्याकाळी, घरच्या संगणकावरून, १८४ सभासदांना. सभा रविवारी सकाळी दहाला होती.

रविवारी अकरा माणसं आली. त्यांतली सहा घरचीच. साठ खुर्च्या मांडल्या होत्या. दोन भाषणं झाली आणि सभा पाऊण तासात आटोपली. निघताना त्यांच्या मुलीनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, लोकांना कळलं होतं ना?" मी म्हणाले, "कळवलं होतं गं." ती काही बोलली नाही.

त्याच संध्याकाळी माझ्या संगणकावर माझीच पत्रं परत येऊ लागली. एकामागून एक, १८४. प्रत्येकावर जवळपास तोच शेरा : पाच दिवस प्रयत्न केला, पलीकडून उत्तर आलं नाही, आता प्रयत्न थांबवला आहे.

हा लेख त्या पाच दिवसांविषयी आहे. आयुष्यभर मी इतिहास शिकवला. यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण एखादं पत्र पोचलं नाही तर ते कुठे अडलं आणि का अडलं, हे शोधणं आमच्याच धंद्यातलं काम आहे. म्हणून शोधत गेले. आणि जिथे पोचले, तिथे पन्नास वर्षांचा एक वाद उभा होता.

*

आधी घरची परिस्थिती सांगते. २००९ पासून मंडळाचं जाणारं टपाल माझ्या घरातल्या एका जुन्या संगणकावरून जात आलं आहे. माझ्याकडे इतिहास घेऊन बी. ए. झालेला आणि पुढे संगणकाच्या वाटेला लागलेला एक विद्यार्थी आहे, त्यानं तो बसवून दिला. त्यावर पोस्टफिक्स नावाचा प्रोग्रॅम आहे. आयबीएममध्ये असताना व्हीत्स व्हेनेमा या डच संशोधकानं तो लिहिला आणि १९९८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. हा प्रोग्रॅम म्हणजे एक आख्खं टपालघर. पत्र घ्यायचं, पत्ता वाचायचा, ज्याला पाठवायचं त्याच्या टपालघराशी थेट बोलायचं आणि पत्र त्याच्या हाती द्यायचं. मधे कुणी नाही. मंडळाकडे पैसे नव्हते, आणि आपलं टपाल आपण पोचवतो याचा मला थोडा अभिमानही होता.

जानेवारीत मी घरचं इंटरनेट बदललं. तांब्याच्या तारेची जुनी जोडणी काढून फायबर घेतलं. वेग वाढला, बिल कमी झालं. शोकसभेची सूचना हे नव्या जोडणीवरून निघालेलं मंडळाचं पहिलंच पत्र होतं.

विद्यार्थी आता पुण्यात असतो. सोमवारी सकाळी त्याला फोन केला. "बाई, आधी तुमच्या यंत्रात काही बिघडलंय का ते बघू," म्हणाला, आणि फोनवरून सांगत त्यानं माझ्याकडून एक तपासणी करून घेतली. ती इथे लिहून ठेवते, कारण कुणालाही ती उपयोगी पडेल.

जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकाला क्रमांक घातलेली हजारो दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. कोणत्या कामाला कोणतं दार, हे संकेतानं ठरलेलं आहे. एका टपालघरानं दुसऱ्या टपालघराला पत्र द्यायचं ते २५ क्रमांकाच्या दारावर. हे दार आपण हातानं ठोठावून पाहू शकतो. टेलनेट नावाची एक जुनी आज्ञा त्यासाठी पुरते. ठोठावल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. पहिली, आतून २२० हा आकडा आणि त्या टपालघराचं नाव येतं. म्हणजे कचेरी उघडी आहे. दुसरी, ताबडतोब नकार येतो. म्हणजे यंत्र जागेवर आहे, पण त्या दारामागे कुणी बसलेलं नाही. तिसरी, काहीच येत नाही. कर्सर लुकलुकत राहतो आणि मिनिट-दोन मिनिटांनी आपलंच यंत्र कंटाळून सोडून देतं.

माझ्याकडे तिसरी गोष्ट झाली. एका टपालघराला ठोठावलं, शांतता. दुसऱ्याला, शांतता. पाच वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या मालकांच्या पाच टपालघरांना ठोठावलं, पाचही गप्प. मग विद्यार्थ्यानं त्याच्या भाड्याच्या यंत्रावरून तीच पाच दारं वाजवली. पाचही ठिकाणांहून २२० आलं. माझ्या यंत्रावरचा पहारा आम्ही घटकाभर उठवून पाहिला, फरक पडला नाही. शेवटी त्यानं मला त्याच टपालघरांपैकी एकाचं ५८७ क्रमांकाचं दार ठोठवायला सांगितलं. क्षणात उत्तर आलं.

"बाई, पलीकडची घरं उघडी आहेत," तो म्हणाला. "तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच कुणीतरी तुमची पत्रं काढून घेतंय. फक्त पंचवीसवर जाणारी. बाकी सगळं सोडतंय."

गल्लीच्या तोंडाशी म्हणजे माझ्या नव्या सेवादात्याकडे. त्यांच्या मदतकेंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, तुमचं नेट चालू दाखवतंय. स्पीड चेक करून बघा ना." मी चेक केला. स्पीड उत्तम होता.

*

ही अडवणूक कुणी, केव्हा, कशासाठी सुरू केली? उत्तरासाठी दाराच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिले गेले त्यांना 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' म्हणतात, म्हणजे 'मतं कळवा'. प्रत्येकाला क्रमांक आहे, तारीख आहे आणि कागद सगळ्यांना खुले आहेत. इतिहासाच्या माणसाला असं लावून ठेवलेलं दफ्तर क्वचित मिळतं. ऑगस्ट १९८२ चा कागद क्रमांक ८२१ हा टपालाचा मूळ कागद. लेखक जोनाथन पोस्टेल, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतले. दोन यंत्रांनी पत्र देता-घेता काय बोलायचं, ते त्यात ठरवलेलं आहे. पहिलं यंत्र म्हणतं, हॅलो, मी अमुक. मग सांगतं, पत्र अमक्याकडून आहे. मग, तमक्यासाठी आहे. मग मजकूर. दुसरं यंत्र प्रत्येक वाक्याला बरं म्हणतं.

या संभाषणात एक गोष्ट नाही. "मी अमुक" असं म्हणणाऱ्याला "कशावरून?" असं कुणीच विचारत नाही. उलट दोन अनोळखी यंत्रांमधलं पत्रही तिसऱ्या यंत्रानं पुढे पोचवावं, अशी सोय आहे. वाटेवरच्या गावी जाणाऱ्या माणसाकडे चिठ्ठी द्यावी आणि त्यानं ती वळकटीत घालून न्यावी, तसं.

आज हे भाबडं वाटतं. पण तेव्हाची वस्ती पाहा. मे १९८२ मध्ये या जाळ्यावर नोंदलेली यंत्रं होती २३५. एखाद्या वाडीत इतकी घरं असतात. बहुतेक यंत्रं विद्यापीठांची, संशोधनसंस्थांची आणि लष्कराची, आणि प्रत्येकावर जबाबदार माणूस. वाडीत कुणी कुणाकडे ओळखपत्र मागत नाही.

आणि पोस्टेल भाबडे नव्हते, याचा पुरावा त्याच दफ्तरात आहे. नोव्हेंबर १९७५ च्या कागद क्रमांक ७०६ चा विषय आहे नको असलेलं टपाल. कागद जेमतेम पानभराचा. त्यात त्यांनी दाखवून दिलं आहे की, एखादं यंत्र बिघडलं किंवा खोडसाळपणा करू लागलं तर त्याची पत्रं नाकारण्याची सोय घेणाऱ्याकडे नाही. आणि नको असलेली पत्रं घेण्यातच त्याची शक्ती खर्च होईल. म्हणजे दार बांधण्याच्या सात वर्षं आधी, ज्यानं दार बांधलं त्यालाच चोर कुठून येईल ते दिसलेलं होतं.

चोर फार लांब नव्हता. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्यानं कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठवली. पत्ते इतके झाले की पत्त्याच्या जागेत मावेनात, ते मजकुरात सांडले. जाळ्याच्या लष्करी व्यवस्थापकांनी कानउघाडणी केली आणि प्रकरण मिटलं. ती वाडी होती. चार माणसांनी बोललं की भागत असे.

*

आपल्याकडे हे टपाल आलं तेही वाडीच्याच रीतीनं. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं अर्नेट हे शिक्षण आणि संशोधनाचं जाळं उभारायला घेतलं. त्यात मुंबईच्या दोन संस्था होत्या : जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी. सुरुवातीच्या पद्धतीत एक यंत्र ठरावीक वेळी दुसऱ्याला साध्या टेलिफोनवरून फोन करी, साठलेली पत्रं देई, त्याची घेई आणि फोन ठेवी. प्रत्येक पत्र कुणाच्या तरी हातून पुढे जात असे. पुढे पोचवणं हा उपकार नव्हता. त्याशिवाय चालतच नसे.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं, आणि तत्त्वतः तरी साताऱ्यातल्या घरातल्या संगणकालाही अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या यंत्राइतकाच टपालघर होण्याचा अधिकार आला. नियमांच्या कागदांत घर आणि कचेरी असा भेद नव्हताच.

पण तोवर वाडीचं शहर झालं होतं. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्यानं अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात पाच हजारांहून अधिक चर्चागटांवर टाकली. आरडाओरडा झाला, तरी दोघांनी माघार घेतली नाही; उलट हा धंदा कसा करावा याचं पुस्तक लिहिलं. बोलून भागण्याचे दिवस संपले.

इथे मला आपल्या टपालातला एक जुना शब्द आठवतो : बेरंग. तिकीट न लावलेलं पत्र बेरंग जाई आणि पोस्टमन ते घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे वसूल करी. १८५४ च्या टपाल सुधारणेनं अर्ध्या आण्याचं तिकीट आणलं, पैसे आधी भरण्याची रीत पाडली आणि न भरणाऱ्याला हा दुप्पट आकार लावला. तरी घेणाऱ्याच्या हाती एक हक्क उरलाच : बेरंग पत्र परत पाठवता येई. जाळ्यावरचं जाहिरातीचं टपाल सगळंच बेरंग आहे. पाठवणाऱ्याला लाख पत्रांचा खर्च नगण्य, साठवण्याचा आणि निवडण्याचा भार घेणाऱ्यावर. आणि पोस्टेलनी १९७५ मध्येच नोंदवल्याप्रमाणे, परत पाठवण्याचा हक्कच यंत्रणेत नव्हता.

तो हक्क लोकांनी स्वतः तयार केला. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळी यादी सुरू केली : ज्या यंत्रांकडून असलं टपाल येतं त्यांचे पत्ते एका जागी नोंदवायचे, आणि ज्याला वाटेल त्या टपालघरानं यादी पाहून दार लावून घ्यायचं. कुणाचंही पत्र पुढे पोचवणारी जुनी शेजारधर्मी यंत्रं या यादीत आधी सापडली, कारण जाहिरातवाले त्यांच्याच वळकटीत चिठ्ठ्या कोंबत होते. फेब्रुवारी १९९९ च्या कागद क्रमांक २५०५ नं टपालघरांना सांगितलं की अनोळखी माणसाचं पत्र अनोळखी माणसाकडे पोचवू नका. सतरा वर्षांपूर्वी जो शेजारधर्म होता, तो आता निष्काळजीपणा ठरला.

सगळ्यांना हे पटलं नाही. जॉन गिल्मोर हे अमेरिकेतल्या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे एक संस्थापक. त्यांनी घरचं टपालयंत्र मुद्दाम सर्वांसाठी उघडं ठेवलं होतं. प्रवासात असलेल्या मित्रांना त्यावरून पत्रं पाठवता यावीत म्हणून. २००१ मध्ये त्यांच्या सेवादात्यानं त्यांचं बाहेर जाणारं टपाल अडवलं. गिल्मोर त्याला सेन्सॉरशिप म्हणाले. त्यांचे विरोधक म्हणाले की तुमच्या उघड्या दारातून चोर आमच्या घरात येतात. मी दोन्ही बाजूंचं वाचलं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, हीच त्यातली अडचण.

*

घरांवरच्या बंदीला खरं कारण मिळालं ते २००३ मध्ये. त्या वर्षी सोबिग नावाच्या विषाणूच्या एकामागून एक आवृत्त्या आल्या. पत्राबरोबर आलेली फाइल उघडली की घरातला संगणक मालकाच्या नकळत दुसऱ्याच्या ताब्यात जाई आणि रात्रभर जाहिराती पाठवत राही. ऑगस्टमधल्या आवृत्तीनं तर जगभरची टपालघरं तुंबली. आता काळ्या यादीचा उपयोग नव्हता, कारण चोर एका घरातून येत नव्हता. लाखो घरांतून, दर घरातून थोडा थोडा येत होता. आणि घरातल्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता.

मग सेवादात्यांनी साधा हिशोब केला. घरगुती ग्राहकांपैकी स्वतःचं टपालघर चालवणारे हजारांत एक-दोन. बाकी सगळे पत्र लिहून कुठल्या तरी मोठ्या टपालघराकडे सोपवणारे. घराघरांतून २५ क्रमांकाच्या दारावर जाणारी वाहतूकच तोडली तर ग्राहकाला कळणारही नाही आणि चोराचा रस्ता बंद होईल. शिवाय आपले पत्ते काळ्या यादीत जाणार नाहीत.

त्याआधी एक पर्यायी दार तयार झालेलं होतं, म्हणूनच हे शक्य झालं. डिसेंबर १९९८ मध्ये रँडल गेलन्स आणि जॉन क्लेन्सिन यांनी कागद क्रमांक २४७६ लिहिला. त्यांनी एक भेद केला, जो १९८२ मध्ये कुणी केला नव्हता : पत्र टपालपेटीत टाकणं वेगळं आणि एका टपालघरानं दुसऱ्याला थैली देणं वेगळं. थैलीसाठी २५, पत्र टाकण्यासाठी ५८७. पुढच्या मार्चमध्ये ओळख पटवण्याची रीत ठरली, आणि ५८७ वर नाव आणि परवलीचा शब्द विचारणं रूढ झालं. "कशावरून?" हा प्रश्न टपालाला अखेर विचारता आला. त्याच्या पाच महिने आधी, १६ ऑक्टोबर १९९८ ला, पोस्टेल वारले होते.

हे दार लावताना सगळे देश सारखे वागले नाहीत. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग जपानचा आहे. तिथल्या संविधानाच्या कलम २१ मध्ये दळणवळणाची गुप्तता मोडता येणार नाही असं म्हटलं आहे, आणि दूरसंचार व्यवसायाच्या कायद्याचं कलम ४ तेच सांगतं. त्यामुळे प्रश्न निघाला : पत्र उघडलं नाही, पण ते कोणत्या दाराकडे चाललंय एवढं जरी पाहिलं आणि अडवलं, तरी तो गुप्ततेचा भंग नाही का? उत्तर आलं ते असं : हो, तो हस्तक्षेप आहेच, पण तात्पुरते पत्ते वापरणाऱ्या घरगुती जोडण्यांपुरता आणि टपालसेवा चालू ठेवण्यासाठी तो समर्थनीय आहे. तिथल्या सेवादात्यांच्या गटानं फेब्रुवारी २००६ मध्ये या अडवणुकीची शिफारस लेखी प्रसिद्ध केली. ब्राझीलमध्ये इंटरनेटच्या सुकाणू समितीनं २००९ मध्ये ठराव केला, दूरसंचार नियामक आणि कंपन्या एकत्र बसल्या, ग्राहकांना आधी ५८७ कडे वळवलं आणि २०१२-१३ मध्ये २५ बंद केलं. दोन्हीकडे निष्कर्ष तोच निघाला, जो माझ्या सेवादात्यानं काढला. फरक इतकाच की तिथे तो लोकांसमोर बोलून काढला.

*

आता माझ्या पाच दिवसांकडे येते.

पोस्टफिक्सनं मला पाच दिवस काहीच का सांगितलं नाही? याचंही उत्तर दफ्तरात आहे. ऑक्टोबर १९८९ च्या कागद क्रमांक ११२३ नुसार पलीकडचं यंत्र उत्तर देत नसेल तर लगेच हार मानायची नाही. थांबून थांबून पुन्हा ठोठावायचं आणि किमान चार-पाच दिवस तरी नेट धरायचा. त्या काळी वीज जाई, तार तुटे, यंत्रं सुट्टीच्या दिवशी बंद असत. पलीकडची शांतता म्हणजे माणूस बाहेरगावी गेला असेल, येईल परत, असा अर्थ लावणं हे सौजन्य होतं. पोस्टफिक्स आजही तेच सौजन्य पाळतो : पाच दिवस. आणि उशीर होतोय हे मधेच पाठवणाऱ्याला कळवण्याची सोय त्यात आहे, पण ती आपण मुद्दाम चालू करावी लागते. आम्ही केली नव्हती. ती चूक आमची.

म्हणजे एका बाजूला १९८९ चं सौजन्य होतं, शांततेचा भला अर्थ लावणारं. दुसऱ्या बाजूला आजची अडवणूक, जी नकार देत नाही, नुसती शांत राहते. या दोघांच्या मधे १८४ पत्रं पाच दिवस पडून राहिली.

दार बंद केलं याची माझी तक्रार नाही. हा सगळा इतिहास वाचल्यावर ती करता येणार नाही. माझ्या शेजारच्या घरातला संगणक रात्रभर जाहिराती पाठवू लागला तर मीच ओरडेन. तक्रार आहे ती पाटी नसण्याची. जोडणी घेताना मी सही केलेले कागद पुन्हा काढून ओळ न् ओळ वाचले. वेग होता, डेटाची मर्यादा होती, राउटर परत करण्याच्या अटी होत्या. अमुक दार बंद आहे, हे कुठेच नव्हतं. मदतकेंद्रातल्या मुलीलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि पाटी हवी, हे जाळ्याच्या लोकांनाच केव्हाचं कळलेलं होतं. ज्या क्लेन्सिननी ५८७ चं दार सुचवलं, त्यांनीच मे २००५ मध्ये कागद क्रमांक ४०८४ लिहिला. त्याचा विषयच हा : इंटरनेट म्हणून ग्राहकाला नेमकं काय विकलं जातंय ते त्याला स्पष्ट सांगा. फक्त वेबपुरती जोडणी, ग्राहकापुरती जोडणी, पूर्ण जोडणी अशा पायऱ्या त्यांनी पाडून दिल्या, आणि जाणारं टपाल कुठे अडवता तेही उघड करायला सांगितलं. २००७ च्या कागद क्रमांक ५०६८ मध्ये सेवादात्यांना बजावलं आहे की काही झालं तरी ५८७ चं दार बंद करू नका. हा दुसरा नियम माझ्या सेवादात्यानं पाळला होता. पहिला पाळायला एक ओळ छापावी लागली असती.

दुरुस्ती सोपी निघाली. विद्यार्थ्यानं एका टपालसेवेत मंडळाचं खातं उघडून दिलं. आता माझं यंत्र ५८७ वर जाऊन नाव सांगतं, परवलीचा शब्द देतं आणि पत्रं त्या सेवेच्या हवाली करतं. पुढे ती सेवा आपल्या २५ क्रमांकाच्या दारानं पोचवते. २०१८ पासून नियमांची पसंती ४६५ या दाराला आहे, जिथे बोलणं पहिल्या शब्दापासून कुलूपबंद असतं. पुढच्या महिन्यात तिकडे जाऊ. उशिराची सूचना चार तासांत मिळावी अशी सोयही त्यानं करून दिली. माझं घर आता टपालघर राहिलेलं नाही, दारात टपालपेटी असलेलं घर आहे. मंडळाचं प्रत्येक पत्र आता कुणा तिसऱ्याच्या वहीत नोंदलं जातं. चोरांच्या दिवसांत ही किंमत असणारच, हे मी समजून घेतलं आहे. आनंदानं दिली असं मात्र म्हणणार नाही.

उरलं ते एक काम. मंडळाच्या प्रत्येक सभेचं इतिवृत्त मी वहीत लिहिते. वही पुढे जिल्ह्याच्या कुठल्या तरी संग्रहात जाईल, आणि पन्नास वर्षांनी एखादा मुलगा ती उघडेल. दफ्तरातल्या शांततेचं आम्ही काय करतो ते मला माहीत आहे. पत्र सापडलं नाही की पत्र नव्हतंच असं धरतो. 'उपस्थिती ११' एवढंच लिहिलं असतं, तर त्या मुलानं लिहिलं असतं की हे गृहस्थ विस्मरणात गेलेले होते. त्यांच्या मुलीनं त्या सकाळी तेच धरलं होतं.

म्हणून आकड्याखाली मी सगळं लिहिलं. सूचना कोणत्या दिवशी निघाली, कोणत्या दारावर अडली, कधी परत आली. मग ५८७ वरून १८४ जणांना ते पान पाठवलं, सोबत दुसऱ्या सभेची तारीख. चैत्रात ती सभा झाली. खुर्च्या साठच होत्या, म्हणून काही जण मागे उभे राहिले. मुलगी पहिल्या रांगेत होती. तेही इतिवृत्तात लिहिलं आहे.